सत्यकाम : एका नावाची कुळकथा

(एकादशीस मंदिराच्या सभामंडपात झालेले प्रवचन)



आज नेहमीच्या क्रमाप्रमाणे गीतेचा बारावा अध्याय पुढे चालवावयाचा होता. परंतु गेल्या गुरुवारी सायंकाळच्या आरतीनंतर आपल्याच मंदिराचे एक जुने सभासद माझ्या ओटीवर येऊन बसले आणि त्यांनी माझा क्रम मोडला. त्यांची अनुमती घेऊनच ही हकीकत सांगत आहे. नाव मात्र सांगत नाही, कारण ते आत्ता समोरच बसले आहेत.

त्यांना नातू झाला आहे. जन्म शततारका नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावरचा, म्हणून पंचांगाप्रमाणे आद्याक्षर ‘सा’ निघाले. घरात सागर, सारंग, सात्त्विक अशी नावे निघाली आणि मागे पडली. सूनबाई शिकलेल्या, वाचनाची आवड असलेल्या. त्या म्हणाल्या, नुसत्या ‘स’ने आरंभ झाला तरी चालत असेल तर मुलाचे नाव सत्यकाम ठेवू. मुलालाही ते आवडले. आजोबांना मात्र आवडले नाही. त्यांचे आक्षेप दोन. पहिला त्यांनी मोठ्याने सांगितला : “नावाच्या शेवटी ‘काम’! शाळेत पोरे याला रोज विचारतील, काय रे, काम झाले का? आणि मोठा झाल्यावर त्याहून वाईट काही म्हणतील.” दुसरा आक्षेप त्यांनी आवाज खाली आणून सांगितला : “गुरुजी, ज्याला आपल्या बापाचे गोत्र सांगता आले नाही, त्याचे नाव आमच्या घराण्यात कशाला?”

पहिल्या आक्षेपाचे निराकरण मी तेथल्या तेथे केले. दुसऱ्याला उत्तर देताना माझी जीभ अडखळली. ती का अडखळली, हे सांगण्यासाठीच आज गीता बाजूस ठेवली आहे.

प्रथम शब्दाचे पाहू. आपण मराठीत ‘काम’ म्हणतो ते ‘कर्म’ या शब्दाचे प्राकृतातून ‘कम्म’ होऊन आलेले रूप आहे. संस्कृत ‘काम’ हा निराळा शब्द. तो ‘कम्’ म्हणजे इच्छा करणे या धातूपासून आला. दोघांचे रूप सारखे, कुळ वेगळे. आणि काम म्हणजे केवळ विषयवासना, हा अर्थसंकोच पुढे झाला; मुळात काम म्हणजे इच्छा, मनाची ओढ. ती वाईट असतीच तर शास्त्रकारांनी तिला चार पुरुषार्थांत बसविलेच नसते, आणि गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी, प्राणिमात्रांत धर्माला विरोधी नसणारा जो काम आहे तो मीच, असे सांगितले नसते. पूर्णकाम, आप्तकाम, निष्काम हे शब्द आपण आदराने उच्चारतोच. सत्यकाम हा त्यांचाच भाऊ.

आता समास. सत्याच्या ठिकाणी ज्याचा काम आहे, ज्याला सत्य हवेसे वाटते, तो सत्यकाम. हा एक विग्रह. ज्याचे काम, म्हणजे ज्याच्या इच्छा, सत्य आहेत, तो सत्यकाम, हा दुसरा. पहिला अर्थ माणसाला लागू पडतो. दुसरा छांदोग्य उपनिषदाने आठव्या अध्यायात आत्म्याला लावला आहे. तेथे हृदयातील लहानशा आकाशाचे वर्णन आहे आणि त्यात राहणाऱ्या आत्म्याची विशेषणे सांगितली आहेत : त्याला पाप नाही, जरा नाही, मृत्यू नाही, शोक नाही, भूक नाही, तहान नाही, तो सत्यकाम आहे, सत्यसंकल्प आहे. म्हणजे हे विशेषण आधी परमात्म्याचे, आणि मग माणसाने आपल्या लेकराला दिलेले. बारशात आपण राम, विष्णू, शंकर ही नावे देतो, त्याच जातीचे हे नाव आहे. फक्त मूर्तीचे नसून लक्षणाचे आहे, एवढाच भेद.

याच ठिकाणी उपनिषदाने एक दृष्टान्त दिला आहे, तो मला फार प्रिय आहे. आपल्या खऱ्या इच्छा आपल्यापाशीच आहेत, पण त्यांच्यावर असत्याचे झाकण पडले आहे. शेतात सोने पुरलेले असावे, आणि ती जागा ठाऊक नसल्यामुळे माणसांनी रोज त्याच्यावरून ये-जा करावी, तशी आपली स्थिती आहे. झोपेत आपण दररोज त्या ठिकाणी जाऊन येतो आणि रिकाम्या हाताने उठतो. मंडळी, ‘मला काय हवे आहे’ या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हे ‘मी काय केले’ याचे खरे उत्तर देण्याहूनही कठीण आहे. दुसऱ्याशी खोटे बोलणारा निदान आपण खोटे बोलतो हे जाणतो. आपल्या इच्छेविषयी स्वतःशी खोटे बोलणाऱ्याला तेही कळत नाही. सत्यकाम या नावात ही दोन्ही सत्ये आहेत.

नाव शास्त्राला धरून आहे का, असेही आजोबांनी विचारले होते. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाच्या नावाचे नियम आहेत : आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये अंतस्थ म्हणजे य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा, शेवटी विसर्ग असावा, अक्षरे दोन असावीत किंवा चार. प्रतिष्ठा हवी असेल तर दोन, ब्रह्मतेज हवे असेल तर चार. ‘सत्यकामः’ हे नाव लावून पाहा. अक्षरे चार, मध्ये ‘य’ आहे, शेवटी विसर्ग आहे. पहिला वर्ण मात्र ‘स’, आणि तो घोष नव्हे. म्हणजे चारांपैकी तीन नियम साधतात आणि एक चुकतो. आपल्यातील पुष्कळ नावांना इतकेही गुण मिळणार नाहीत.

असो. आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू, कारण खरा प्रश्न तोच आहे.

सामवेदाच्या छांदोग्य उपनिषदात चौथ्या अध्यायात, चौथ्या खंडापासून नवव्यापर्यंत, ही कथा आहे. जबाला नावाची एक स्त्री, तिचा मुलगा सत्यकाम. मुलगा वयात आला आणि आईला म्हणाला की मला ब्रह्मचर्याश्रमात राहावयाचे आहे, तर माझे गोत्र कोणते ते सांग. हा प्रश्न त्याने उगाच विचारला नाही. गुरूकडे गेल्यावर पहिला प्रश्न गोत्राचा येणार, हे त्याला ठाऊक होते. आपल्या बटूलाही आज अभिवादन करताना नावाबरोबर गोत्र सांगावे लागतेच.

जबालेने दिलेले उत्तर उपनिषदाने जपून ठेवले आहे. ती म्हणाली की बाळ, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. तारुण्यात पुष्कळ हिंडत-फिरत, सेवाचाकरी करीत असताना तू मला झालास. तेव्हा गोत्र मी जाणत नाही. माझे नाव जबाला, तुझे नाव सत्यकाम. तर तू आपल्याला सत्यकाम जाबाल असे सांग.

या एका उत्तरावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. भगवान शंकराचार्य असा अर्थ लावतात की जबाला पतीच्या घरी अतिथी-अभ्यागतांच्या सेवेत गुंतलेली असे. गोत्र विचारून घेण्याकडे तिचे चित्त नव्हते. पुढे पती निवर्तला आणि विचारावयाचे राहूनच गेले. दुसरे अर्थ करणारे म्हणतात की ती अनेकांच्या घरी दासी म्हणून राबली, आणि मुलाचा पिता कोण हे तिलाही सांगता येण्यासारखे नव्हते. माझे मत विचाराल तर शब्दांना दोन्ही अर्थ सोसतात. जबालेने स्वतःच त्याची फोड केली नाही. मग आपण तिच्या वतीने ती का करावी? तिने पतीच्या कीर्तीचा आधार घेतला नाही आणि आपल्या दैवाचे रडगाणेही गायिले नाही. ठाऊक आहे तेवढे सांगितले, ठाऊक नाही ते नाही म्हणून सांगितले. एखादे गोत्र ठोकून देणे तिला अवघड होते काय? अरण्यातील त्या आश्रमात चौकशी करावयाला कोण येणार होते!

मुलगा हारिद्रुमत गौतमाकडे गेला. अपेक्षेप्रमाणे गोत्राचा प्रश्न आला. येथे मुलाने काय केले ते बारकाईने पाहा. मला गोत्र ठाऊक नाही, एवढेच सांगून त्याला थांबता आले असते. ते खोटेही ठरले नसते. पण तो म्हणाला, मी आईला विचारले होते, आणि तिने असे उत्तर दिले. आणि आईचे शब्द त्याने जसेच्या तसे, हिंडण्या-फिरण्यासह, चाकरीसह, गुरूपुढे ठेवले. आईच्या बोलण्यातील अवघड शब्द त्याने गाळला नाही, कारण तो अवघड आहे असे त्याला वाटलेच नाही. आईने लाज म्हणून सांगितले नव्हते, त्याने लाज म्हणून ऐकले नव्हते. मला वाटते, त्या घरात ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच बोलली गेली असेल. पण मुलाला खरे ऐकण्याची सवय फार आधीपासून असली पाहिजे. म्हणून सत्यकाम या नावाची जननी जबाला आहे, असे मी म्हणतो. नुसती देहाची जननी नव्हे.

गौतम म्हणाला की ब्राह्मणावाचून दुसरा कोणी इतके उघड बोलू शकणार नाही. समिधा घेऊन ये, मी तुझे उपनयन करतो, कारण तू सत्यापासून ढळला नाहीस. या वाक्याचेही दोन अर्थ झाले. ब्रह्मसूत्रांत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ही कथा अधिकार-अनधिकाराच्या चर्चेत येते, आणि तेथे आचार्यांनी असे योजले आहे की मुलगा शूद्र नव्हे याची खात्री पटल्यावरच गौतम उपनयनास प्रवृत्त झाला. आचार्यांच्या चरणी मस्तक ठेवूनही एवढे म्हणावेसे वाटते की, गौतमाने खात्री करून घेण्यासाठी काय केले? दुसरा साक्षीदार बोलावला नाही, गावात माणूस धाडला नाही, कुंडली मागितली नाही. त्याच्यापुढे एकच पुरावा होता, आणि तो म्हणजे त्या मुलाचे खरे बोलणे. ज्या पुराव्याने त्याची खात्री पटली, तो पुरावा कोणत्याही कुळातला मुलगा आणू शकतो.

येथे आपल्याला पैठण आठवल्यावाचून राहत नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही भावंडे संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडली. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, आणि परंपरा सांगते की तेथे रेड्याच्या मुखातून वेद वदविला गेला. सत्यकामाच्या कथेतही पुढे एक बैल बोलतो. पण गौतमापुढे बैलाला बोलावे लागले नाही. बैल बोलला तो नंतर, रानात, आणि शिष्याला ज्ञान देण्यासाठी. गुरू शहाणा असला की मुक्या जनावरांना साक्ष द्यावी लागत नाही!

रानातला तो भाग थोडक्यात सांगतो. उपनयन झाल्यावर गौतमाने चारशे कृश आणि दुबळ्या गाई निवडून काढल्या व सत्यकामाला त्यांच्या मागे जावयास सांगितले. मुलगा म्हणाला, हजार झाल्यावाचून परतणार नाही. वर्षांमागून वर्षे गेली. एके दिवशी कळपातील बैलच म्हणाला की आम्ही हजार झालो, आता आम्हाला आचार्यांच्या घरी ने. म्हणजे पाहा, मोजत बैल होता. सत्यकाम गाई राखीत होता. मग बैलाने त्याला ब्रह्माचा एक पाद सांगितला : पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर या चार दिशा. परतीच्या वाटेवर मुक्कामात अग्नीने दुसरा पाद सांगितला : पृथ्वी, अंतरिक्ष, द्युलोक, समुद्र. तिसरा हंसाने : अग्नी, सूर्य, चंद्र, वीज. चौथा मद्गूने, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याने. आपला पाणकावळा डोळ्यांपुढे आणावा. त्याने सांगितले : प्राण, नेत्र, कान, मन. बैलाच्या रूपाने वायू, हंसाच्या रूपाने आदित्य आणि मद्गूच्या रूपाने प्राण बोलला, असे भाष्यकार म्हणतात. असेलही. मला मात्र बैल बैलच बरा वाटतो. ज्याला गोत्र विचारले जाते त्याच्याशी बोलताना गोत्र न विचारणारे चौघे त्याला रानात भेटले, ही गोष्ट गोड आहे.

तो परतला तेव्हा त्याचे मुख पाहून गौतमाने विचारले की ब्रह्मवेत्त्यासारखा दिसतोस, तुला कोणी शिकविले? येथेही तो खरेच बोलला. माणसांहून निराळ्यांनी शिकविले, असे तो म्हणाला, आणि लगेच जोडले की तरीही आपणच मला सांगावे, कारण आचार्यांकडून घेतलेली विद्या श्रेष्ठ असते, असे मी आपल्यासारख्यांकडूनच ऐकले आहे. गौतमाने त्याला तेच सांगितले. काहीही उणे ठेवले नाही.

पुढे सत्यकाम स्वतः मोठा आचार्य झाला. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत त्याचे मत सांगितले जाते. छांदोग्यातच त्याने गोश्रुती नावाच्या शिष्याला एक विद्या दिली आणि म्हटले की ही वाळलेल्या खुंटाला सांगितली तरी त्याला फांद्या फुटतील. आईच्या नावावरून पडलेले ‘जाबाल’ हे नाव कोणी बदलले नाही, त्यानेही नाही. रामायणातील जाबालि हे निराळे. आपल्या प्रांतातील जबलपूरचा संबंध लोक त्या जाबालींशी जोडतात, सत्यकामाशी नव्हे. ही गल्लत नेहमी होते, म्हणून जाता जाता सांगितले.

आणि हे नाव एकट्याचेच होते असेही नाही. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषींकडे सहा जण जातात, त्यांत एक शैब्य सत्यकाम आहे. ओंकाराच्या ध्यानाचा पाचवा प्रश्न त्याचा. तो पित्याच्या कुळाने, शिबीच्या नावाने, ओळखला जातो. हा आईच्या नावाने. उपनिषदांनी दोघांनाही त्याच मानाने नोंदविले आहे. आणि आज लोकांच्या ओठावर कोणता सत्यकाम आहे, हे सांगावयास नको. रवींद्रनाथांनी ‘ब्राह्मण’ नावाची बंगाली कविता लिहिली ती जबालेच्या मुलावर. हृषीकेश मुखर्जी यांनी १९६९ मध्ये ‘सत्यकाम’ हा चित्रपट काढला, तोही याच कथेची सावली घेऊन.

कोणी म्हणेल, ही उपनिषदकाळची गोष्ट झाली. आपल्या घराण्यांत आईच्या नावाने ओळखण्याची रीत कोठे आहे? तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊन यावे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्री यांचा शिलालेख आहे, त्यांचे नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र. महाराष्ट्राच्या त्या पहिल्या मोठ्या राजवंशाने आईचे नाव अभिमानाने दगडात कोरले. त्याच लेखात राजमातेचे वर्णन करताना सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी असे म्हटले आहे. यांत सत्यवचन पहिले आहे, हे ध्यानात घ्यावे. देवकीनंदन, कौंतेय, राधेय ही नावे तर कीर्तनात आपण नित्य ऐकतो. आणि राधेय या नावातील राधा ही कर्णाची जन्मदाती नव्हे, सांभाळणारी.

राज्यकर्तेही आता त्याच वाटेला आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये एका अविवाहित मातेच्या प्रकरणात निकाल दिला की पित्याचे नाव उघड न करताही तिला मुलाचे पालकत्व मागता येते, आणि अशा मातेच्या मुलाला जन्मदाखला नाकारू नये. २०१६ च्या डिसेंबरात पारपत्राच्या नियमांत आईवडिलांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले. पलीकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावामागोमाग प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, असा क्रम ठरला आहे. जबालेच्या मुलाला गौतमाने एका संध्याकाळी दिले, ते कचेऱ्यांना द्यावयास एवढा काळ लागला.

कचेऱ्यांचे जाऊ द्या. देवळांचे काय? आता माझी जीभ का अडखळली ते सांगतो.

पस्तीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी देवळात पूजाविधी सांगत असे. श्रावणातला सोमवार होता, अभिषेकाला रांग होती. रांगेत एक बाई आली. अंगावर धुवट लुगडे, कडेवर तीन-चार महिन्यांचे मूल, बरोबर कोणी नाही. हातात नारळ आणि पेढ्यांची लहानशी पुडी. ती म्हणाली, गुरुजी, बारसे राहून गेले आहे, देवाच्या पायांशी याचे नाव तेवढे ठेवावयाचे आहे. मी संकल्पाला आरंभ केला आणि सवयीने विचारले, गोत्र? ती म्हणाली, ठाऊक नाही. मी विचारले, मुलाच्या वडिलांचे नाव? तिने मुलाकडे पाहिले आणि ती गप्प राहिली. मी म्हणालो, “बाई, घरी विचारून या.”

ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचा संकल्प काश्यप गोत्राने करावा, ही रीत आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि मला ती तेव्हाही पाठ होती. छांदोग्यही माझे वाचून झाले होते. तेव्हा अज्ञानाची सबब मला नाही. तिच्या मागे दोन मोठे यजमान सोवळ्याने उभे होते, आणि ते काय म्हणतील, एवढेच त्या क्षणी माझ्या मनात होते. तिने नारळ उंबऱ्याशी ठेवला, पुडी पुन्हा पदरात बांधली आणि ती गेली. ‘घरी’ विचारून या, म्हणालो. तिला घर होते की नाही, हेसुद्धा मी विचारले नव्हते. मी पुढच्या सोमवारी वाट पाहिली. त्याच्या पुढच्याही. ती पुन्हा त्या देवळात आली नाही.

तिने खरे सांगितले होते, श्रोतेहो. काहीतरी नाव सांगून ती मोकळी झाली असती, मी तेच संकल्पात म्हटले असते, आणि पेढे सर्वांना वाटले गेले असते. जबाला माझ्यापुढे उभी राहिली होती, आणि मी गौतम झालो नाही.

हे मी त्या दिवशी ओटीवर आजोबांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “त्या मुलाचे नाव काय ठेवले असेल हो?” मला ते ठाऊक नाही. आज ते मूल पस्तीस वर्षांचे असेल.

आपल्या मंदिराच्या अभिषेकाच्या पावतीपुस्तकात दोन रकाने छापलेले आहेत : ‘गोत्र’ आणि ‘पित्याचे अथवा पतीचे नाव’. व्यवस्थापक मंडळींना मी विनंती केली आहे की पुढील पुस्तक छापताना दुसऱ्या रकान्यात ‘आईचे अथवा वडिलांचे नाव’ असे असावे. गोत्र ठाऊक नाही असे कोणी म्हटल्यास काश्यप लिहावे, आणि पुन्हा विचारू नये. चिटणीसांनी चालू पुस्तक संपल्यावर तसे करण्याचे मान्य केले आहे. पुस्तकाची साठ पाने उरली आहेत. तोवर पुजाऱ्यांनी हाताने दुरुस्ती करावी, हेही ठरले आहे.

बारसे येत्या गुरुवारी सायंकाळी याच सभामंडपात आहे. कुलदेवतेचे, मासाचे आणि नक्षत्राचे नाव प्रथेप्रमाणे होईल. तांदळांच्या ताटात अंगठीने व्यावहारिक नाव लिहावयाचे ते आजोबा स्वतः लिहिणार आहेत. काल ते येऊन विचारून गेले की ‘सत्यकाम’ लिहावयास मोठे ताट लागेल काय. नेहमीचेच पुरेल, असे मी सांगितले आहे. आत्याबाई उज्जैनहून येत आहेत. सर्व कुटुंबांनी मुलाबाळांसह यावे, असे निमंत्रण त्यांनी माझ्यामार्फत दिले आहे.

या सत्यकामानेच पुढे गुरू झाल्यावर उपकोसल नावाच्या शिष्याला बारा वर्षे अग्नींची सेवा करावयास लावली, आणि इतरांना घरी जाऊ दिले तरी त्याला विद्या दिली नाही. गुरुपत्नीने शब्द टाकला तरी ऐकले नाही, आणि प्रवासाला निघून गेला. असे का झाले, आणि त्या उपाशी बसलेल्या शिष्याला शेवटी कोणी शिकविले, ते पुढील एकादशीस पाहू. गीतेचा बारावा अध्याय त्यानंतर.